जंगल शाबूत दिसते, तरी जीव कमी का होतात? हस्तक्षेप आणि हवामानबदल यांचा गुंता कसा सोडवावा

प्रश्न थोडक्यात असा होता: उष्ण कटिबंधातल्या एका दमट जंगलात काही वर्षांपासून बेडूक आणि जमिनीलगत वावरणारे पक्षी कमी झाले आहेत. नकाशावर जंगल जवळपास पूर्वीएवढेच आहे. कडेने शेती आली आहे, मधून एक रस्ता गेला आहे, काही मोठी झाडे काढली गेली आहेत. शिवाय कोरडा हंगाम पूर्वीपेक्षा जास्त तापतो. मग दोष माणसाच्या हस्तक्षेपाचा की हवामानबदलाचा? आणि हवामान असेच तापत जाणार असेल, तर एखादे जंगल राखण्याच्या खटपटीला काही अर्थ उरतो का?

माझे उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर. ही दोन कारणे बहुतेक ठिकाणी एकमेकांपासून सुटी काम करतच नाहीत. जागतिक तापमानवाढीतली किती उष्णता आणि किती कोरडेपणा एखाद्या बेडकाच्या अंगापर्यंत पोहोचणार, हे त्याच्या डोक्यावरचे जंगल ठरवते. हस्तक्षेपामुळे ते छत्र विरळ होते आणि मग तीच तापमानवाढ जास्त जीव घेते. म्हणून दोष दोघांत वाटून देण्यापेक्षा वेगळे विचारावे: या ठिकाणी, या जीवासाठी, कोणता हस्तक्षेप उष्णतेचा मारा वाढवतो आहे? याचे उत्तर मोजून काढता येते आणि त्यावर काही करताही येते.

काही गोष्टी मात्र ठिकाण पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. जंगल सदाहरित आहे की पानगळी, सपाटीवर आहे की डोंगरात, कोरडा हंगाम दोन महिन्यांचा की सहा, शिकार किती होते, पूर्वी कधी वणवा लागला होता का, तुकडा मुख्य जंगलापासून तुटून किती वर्षे झाली, यावर उत्तर बरेच फिरते. पानगळी जंगलातले जीव वर्षातले काही महिने ऊन आणि कोरडी हवा सोसतच आलेले असतात. तिथे छत्र थोडे उघडले म्हणून लगेच पडझड होत नाही. सदाहरित जंगलाचे तसे नाही. पुढचे सगळे मुख्यतः दमट सदाहरित जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी उष्णतेबद्दल, कारण इथे एक गैरसमज खोल रुजलेला आहे. ध्रुवांकडे तापमान फार वेगाने वाढते आहे, उष्ण कटिबंधात त्यामानाने कमी. मग इथल्या जीवांना कसली भीती, असे विचारले जाते. पण वाढ किती झाली याइतकेच, सोसण्याची हद्द किती जवळ आहे हेही पाहावे लागते. समशीतोष्ण प्रदेशातला कीटक बर्फापासून कडक उन्हाळ्यापर्यंत सगळे एका वर्षात पाहतो. विषुववृत्ताजवळच्या सखल जंगलात मात्र मासिक सरासरी तापमान वर्षभर जेमतेम काही अंशांच्या पट्ट्यात फिरते. परिसंस्थांचे अभ्यासक डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ मध्ये यावरून असे मांडले की, तापमानाच्या चढउताराची सवयच नसलेल्या इथल्या जीवांना डोंगराची खिंड ओलांडणे समशीतोष्ण जीवांपेक्षा अवघड जाते. नंतरच्या मोजमापांत दिसले की उष्ण कटिबंधातले बरेच कीटक आणि सावलीतले सरडे आधीच आपल्या सर्वांत सोयीच्या तापमानाच्या आसपास जगतात. वर सरकायला जागा थोडी. उघड्यावरचा सरडा ऊन जास्त झाले की सावलीत पळतो. जो मुळात सावलीतच राहतो त्याचे अंग हवेइतकेच तापते आणि त्याला पळायला याहून थंड जागा नसते.

डोंगर असेल तर वर सरकण्याची वाट असते. दर १०० मीटर उंचीला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरते, म्हणजे एक अंश वाढ भरून काढायला सुमारे १७० मीटर वर जावे लागते. हे घडताना दिसतेही आहे. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर १९६५ मध्ये नोंदलेले पतंग (फुलपाखरांसारखे, रात्री उडणारे कीटक) २००७ मध्ये पुन्हा नोंदले तेव्हा ते सरासरी ६७ मीटर वर सरकलेले होते. पेरूमधल्या सेरो दे पान्तियाकोया या डोंगरधारेवर १९८५ आणि २०१७ अशा दोन वेळच्या पक्षीनोंदी आहेत. तिथे उंचावरच्या बहुतेक प्रजातींचा राहण्याचा उंचीचा पट्टा आणि संख्या दोन्ही आक्रसले, आणि माथ्यावर पूर्वी सहज दिसणारे काही पक्षी दिसेनासेच झाले. माथ्याच्या वर जायला काही नसते. सखल प्रदेशात अडचण वेगळी आहे: जे वर जातात त्यांची जागा घ्यायला त्यांच्याहून उष्ण ठिकाणची कोणतीच प्रजाती उपलब्ध नसते, कारण पृथ्वीवर याहून उष्ण दमट जंगलच नाही. अशा ठिकाणी प्रजाती नुसत्याच वजा होत जातात.

आता छत्राकडे वळू, कारण सगळा गुंता इथेच आहे. जगभरच्या जंगलांतली मोजमापे एकत्र करून २०१९ मध्ये निघालेला हिशेब असा की, झाडांखालचे कमाल तापमान बाहेरच्या उघड्या जागेपेक्षा सरासरी सुमारे ४ अंशांनी कमी असते. पृथ्वी औद्योगिकीकरणाच्या आधीपेक्षा आजवर सव्वा अंशाच्या आसपास तापली आहे. म्हणजे छत्र गेले तर जमिनीलगतच्या जीवाच्या वाट्याला एका दिवसात जी वाढ येते, ती आजवरच्या जागतिक वाढीच्या सुमारे तिप्पट असते. बोर्निओत पाम तेलाच्या लागवडीतले कमाल तापमान मूळ जंगलापेक्षा साडेसहा अंशांपर्यंत जास्त भरले होते. त्यात भर कोरडेपणाची. हवा जितकी तापते तितकी ती जास्त बाष्प मागते, आणि ते बाष्प पालापाचोळ्यातून, बेडकाच्या ओल्या कातडीतून आणि पानांवर घातलेल्या अंड्यांमधून ओढले जाते. ज्या बेडकांची अंडी पाण्यात न जाता ओल्या पाचोळ्यातच फुटतात, त्यांच्यासाठी अंडी घातल्यानंतरचे चार कोरडे दिवससुद्धा पुष्कळ झाले.

म्हणून अखंड जंगल सुरक्षित आहे असे मात्र नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ब्राझीलमधल्या मानाउसच्या उत्तरेला, जिथे कोणी झाड तोडलेले नाही अशा जंगलातल्या ७७ स्थानिक पक्षीप्रजातींचे चाळीस वर्षांचे वजन तपासले, तर सगळ्यांचे सरासरी वजन घटलेले निघाले. काही प्रजातींत ही घट दशकामागे सुमारे २ टक्के होती. कोरडा हंगाम तिथे अधिक उष्ण आणि अधिक कोरडा झाला आहे. छत्र उष्णता अडवते, पण बाहेरचे तापमान चढले की आतलेही त्याच्या मागोमाग चढते. हस्तक्षेप नसलेल्या जागेतली अशी नोंद हाताशी असेल, तरच हवामानाचा स्वतःचा वाटा किती हे कळते. हा मुद्दा लक्षात ठेवा, मोजणीच्या आराखड्यात तो पुन्हा लागणार आहे.

नकाशावर जंगल तेवढेच आहे, यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप. मानाउसजवळच १९७९ मध्ये जीवशास्त्रज्ञ टॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने जंगलाच्या तुकड्यांवरचा दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे वेगळे करून त्यांचे काय होते ते पाहिले गेले. कडेपासून १०० मीटरच्या आत झाडे वाऱ्याने आणि कोरडेपणाने मरू लागली, मोठी झाडे आधी. पहिल्या १० ते १७ वर्षांत त्या पट्ट्यातल्या काही जागांनी झाडांच्या एकूण वजनाचा ३६ टक्क्यांपर्यंत भाग गमावला. त्यांच्या जागी महावेली आणि भरभर वाढणारी हलक्या लाकडाची झाडे आली. १०० हेक्टरच्या तुकड्यांतून जमिनीलगतच्या पक्ष्यांच्या निम्म्या प्रजाती १५ वर्षांच्या आत जातात, असा हिशेब निघाला.

तुमच्या जंगलाला हे लावून पाहा. तुकडा चौकोनी धरा आणि चहूबाजूंनी १०० मीटर कड वजा करा. १०० हेक्टरच्या तुकड्यात ६४ हेक्टर गाभा उरतो. १० हेक्टरच्या तुकड्यात सव्वा हेक्टरहून थोडा जास्त. १ हेक्टरमध्ये गाभा उरतच नाही, सगळी कडच. तुकडा लांबट किंवा वेडावाकडा असेल तर आकडा आणखी घसरतो. अखंड जंगलातून एक किलोमीटर रस्ता गेला, तर रस्त्याची जमीन दीड-दोन हेक्टर असेल, पण दोन्ही बाजूंची १०० मीटर कड धरली तर २० हेक्टरांचे रूप बदलते. कडेचा परिणाम नेमका किती आत जातो हे प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे असते. प्रकाश थोड्या मीटरांत थांबतो, वाऱ्याचा मार त्याहून बराच आत जातो, आणि शिकारी माणूस तर कितीतरी किलोमीटर आत जातो.

शिकारीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण उपग्रहाच्या चित्रात ती दिसत नाही. अनेक देशांतल्या नोंदी एकत्र केल्यावर, शिकार होणाऱ्या भागात सस्तन प्राण्यांची संख्या शिकार नसलेल्या भागापेक्षा सरासरी ८३ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची ५८ टक्क्यांनी कमी आढळली. गाव-रस्त्यांपासून पक्ष्यांवरचा परिणाम सुमारे ७ किलोमीटरपर्यंत आणि सस्तन प्राण्यांवरचा ४० किलोमीटरपर्यंत जाणवला. याचा हवामानाशी संबंध असा: मोठ्या बियांची झाडे माकडे, धनेश, टापीर यांच्यासारख्या प्राण्यांच्या पोटातून किंवा तोंडातून दूर जातात. तापमान वाढते तसे त्या झाडांना वरच्या उंचीवर किंवा ओल्या खोऱ्यांकडे सरकायचे असेल, तर बी नेणारा कोणीतरी हवा. तो मारला गेला की झाड उभे राहते, फळते, पण त्याची पुढची पिढी त्याच्याच पायाशी अडकते. शंभर वर्षे जगणाऱ्या झाडाच्या बाबतीत हे नुकसान आज मोजायला गेलात तर दिसणारही नाही.

निवडक वृक्षतोडीचे परिणाम किती झाडे काढली यावर ठरतात, आणि इथे आकडे उपयोगी पडतात. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज असा की, हेक्टरी ३८ घनमीटर लाकूड काढले की सस्तन प्रजाती निम्म्यावर येतात, आणि ६३ घनमीटरला उभयचर. कमी तोडीत बरेच काही टिकते, पण तोड कशी केली हे तितकेच महत्त्वाचे. वेली आधी न कापता झाड पाडले तर ते शेजारची चार-पाच झाडे ओढून खाली आणते. ओंडके ओढायच्या वाटा आधी आखल्या नाहीत तर यंत्र हवे तिथे फिरते आणि माती दाबून टाकते. वेली काही महिने आधी कापणे, झाड कोणत्या दिशेला पाडायचे ते ठरवणे, वाटा नकाशावर आखणे आणि काम संपल्यावर रस्ता खणून बंद करणे, या चार गोष्टींनी नुकसान बरेच आटोक्यात येते. चौथी गोष्ट बहुधा राहून जाते, आणि त्याच रस्त्याने पुढे शिकारी आणि आग दोन्ही आत येतात.

आग. हस्तक्षेप आणि हवामान एकमेकांचा हात कसा धरतात हे इथे अगदी जवळून दिसते. घट्ट छत्राखालचा पाचोळा इतका ओला असतो की साध्या वर्षात त्यात काडी टाकली तरी विझते. मोठी झाडे काढली की ऊन थेट जमिनीवर येते, तोडीचा पालापाचोळा आणि फांद्या वाळतात, आणि पावसाविना काही आठवडे गेले की तो थर पेट घेण्याजोगा होतो. एल निनोच्या वर्षात हे आठवडे लांबतात. पहिली आग दिसायला किरकोळ असते: गुडघ्याखालची ज्वाळा, माणूस सहज ओलांडून जाईल अशी, पाचोळ्यातून सावकाश सरकत जाणारी. पण तेच सावकाशपण घातक आहे, कारण ती प्रत्येक बुंध्याशी रेंगाळते. दमट जंगलातल्या बहुतेक झाडांची साल पातळ असते. सालीखालचा वाढीचा जिवंत थर साधारण ६० अंशांना मरतो. झाड त्या दिवशी हिरवेच दिसते आणि पुढच्या एक-दोन वर्षांत वाळते, मोठी झाडे तर त्याहून उशिरा. म्हणून आगीनंतर लगेच पाहणी करून नुकसान थोडे आहे असे जाहीर करणे ही नेहमीची चूक. मेलेली झाडे पडतात, छत्र आणखी उघडते, जमिनीवर सुके लाकूड साठते, आणि दुसरी आग पहिल्यापेक्षा उंच आणि गरम लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आगीनंतर गवत घुसले की ते जंगल परत येणे फार कठीण.

हे सगळे एकत्र केले की काय होते? ब्राझीलच्या पारा राज्यातल्या झाडे, पक्षी आणि शेणकिडे यांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये हा हिशेब निघाला. ज्या पाणलोटांत ८० टक्के मूळ जंगल शिल्लक होते, म्हणजे कायद्याने राखायला सांगितले आहे तेवढे, तिथेही जैवविविधतेचे मोल ३९ ते ५४ टक्क्यांनी घटलेले होते. नुसत्या जंगलतोडीवरून अपेक्षित घटीच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून जास्त. ही वाढीव घट उभ्या जंगलातल्या तोडीची, आगीची, तुकड्यांची आणि शिकारीची. तुमच्या प्रश्नातल्या नकाशाचे कोडे बहुधा इथेच सुटते.

आता तुमच्या जागी कोणते कारण जोर करते आहे ते कसे ओळखायचे. मी आधी कोण गेले ते पाहतो. फळझाडे लगडलेली आहेत पण मोठे फळखाऊ पक्षी-प्राणी नाहीत, तर शिकारीचा संशय. जमिनीवरचे कीटकखाऊ पक्षी गेले आणि उघड्यावरचे, कुठेही जगणारे पक्षी आत आले, तर तुकडे आणि कड. बुंध्यांच्या तळाशी काळे व्रण आणि वर वेलींचे जाळे, तर जुनी आग. छत्र शाबूत आहे, शिकार नाही, आणि प्रजातींच्या पट्ट्याची खालची सीमा वर सरकते आहे, तर उष्णता. आणि डोंगरातल्या ओढ्यांचे बेडूक काही महिन्यांत एकदम नाहीसे झाले, तर बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीची तपासणी आधी करा. या बुरशीमुळे जगात किमान ५०१ उभयचर प्रजाती घटल्या आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्दे इथला सोनेरी भेक १९८९ नंतर दिसला नाही. त्याच्या आधी १९८६–८७ चा एल निनोचा कोरडा काळ होता आणि बुरशीही संशयित आहे. त्या प्रकरणावर अजून वाद चालतो. बेडूक संपले म्हणजे तापमानवाढच, असे एका झेपेत म्हणू नये ते यासाठी.

लक्षणांवरून फक्त दिशा मिळते, पुराव्यासाठी आराखडा लागतो. किमान चार प्रकारच्या जागा निवडा: हस्तक्षेप असलेल्या आणि नसलेल्या, आणि दोन्हींमध्ये खालच्या उंचीवरच्या आणि वरच्या. सपाटी असेल तर उंचीऐवजी ओली आणि कोरडी वर्षे यांची तुलना करा, म्हणजे काही वर्षे थांबणे आले. प्रत्येक प्रकारच्या तीन-चार तरी जागा एकमेकींपासून दूर हव्यात. एकाच तुकड्यातले चार कोपरे म्हणजे चार जागा होत नाहीत. मग नमुना पाहा. घट दोन्हीकडे सारख्याच वेगाने होत असेल तर कारण व्यापक आहे, हवामान किंवा रोग. फक्त हस्तक्षेपाच्या जागी असेल तर कारण स्थानिक. दोन्हीकडे आहे, पण हस्तक्षेपाच्या जागी उष्ण-कोरड्या वर्षांत जास्त तीव्र, तर दोन्ही मिळून. हे शेवटचे तपासताना गणित नीट मांडा. समजा, हस्तक्षेपाने १०० पैकी ६० उरतात आणि दुष्काळाने १०० पैकी ८०. दोन्ही स्वतंत्र असते तर एकत्र ४८ उरायला हवेत. ३० च उरले, तर एकाने दुसऱ्याची धार वाढवली असे म्हणता येते. ४५ उरले तर तेवढ्यावरून काही म्हणू नका.

तापमान स्वतः मोजा. हवामानखात्याचे केंद्र मोकळ्या मैदानात असते, बेडूक तिथे राहत नाही. छोटे डेटा लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी उपकरणे) कडेपासून ०, २५, ५०, १०० आणि २०० मीटरवर एका रेषेत लावा, आणि अशा रेषा शक्य तितक्या जास्त. एक संवेदक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर, दुसरा पाचोळ्यात, कारण या दोन थरांतली दुपार वेगवेगळी असते. नोंद दर १५ किंवा ३० मिनिटांनी. बुंध्याला बांधू नका, खोडाची उष्णता नोंदीत शिरते; वेगळा खुंट ठोका. आणि संवेदकावर हवा खेळती राहील असा पांढरा ऊनरोधक हवाच. त्याच्याविना उन्हाचा कवडसा पडला की आकडा काही अंशांनी फुगतो, आणि हा फुगवटा उघड्या जागेत जास्त, सावलीत कमी. म्हणजे जो फरक मोजायला निघालो तोच खोटा मोठा दिसतो. अनेक नोंदी मला याच एका कारणासाठी बाजूला ठेवाव्या लागतात. सगळ्या जागा एकाच उंचीच्या आसपास असू द्या. १०० मीटरचा फरक म्हणजे ०.६ अंश, आणि तो कडेच्या परिणामात मिसळून जातो. लावण्यापूर्वी आणि काढल्यानंतर सगळे लॉगर एक-दोन दिवस एकाच पेटीत ठेवून एकमेकांशी ताडून पाहा. आर्द्रतेचे संवेदक सतत दमट हवेत हळूहळू खोटे बोलू लागतात. आकडे हातात आल्यावर दिवसाच्या सरासरीवर थांबू नका. दिवसाची कमाल पाहा आणि ठराविक मर्यादेपेक्षा वरचे तास मोजा, कारण जीव सरासरीने मरत नाहीत, त्या तासांत मरतात. रात्रीचे किमान तापमानही सोडू नका. गरम रात्री झाडे साठवलेली साखर श्वसनात जास्त जाळतात आणि वाढ मंदावते.

जीवांच्या मोजणीत सर्वांत जास्त फसवणूक दिसण्याच्या शक्यतेमुळे होते. विरळ झालेल्या जंगलात पक्षी नजरेस लवकर पडतात, म्हणून तिथे संख्या जास्त वाटते. उपाय असा की एकाच हंगामात प्रत्येक जागी चार-पाच वेळा जा, दिसला-नाही दिसला अशी प्रत्येक वेळची वेगळी नोंद ठेवा, आणि त्यावरून दिसण्याची शक्यता वेगळी काढा. पक्षी पहाटेच्या ठराविक तासांतच, बेडूक रात्री आणि शेवटच्या पावसाला किती दिवस झाले ते लिहून. आवाज टिपणारी यंत्रे असतील तर उत्तमच, पण ती सगळीकडे सारख्या उंचीवर आणि सारख्या वेळापत्रकाने लावा.

प्रजातींची नुसती संख्या मोजून निष्कर्ष काढू नका. तुटलेल्या जंगलात उघड्यावरच्या प्रजाती भरती करतात आणि बेरीज तेवढीच राहते, कधी वाढतेही. कोणत्या प्रजाती आहेत ते पाहा. दुय्यम जंगलाचा, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा उगवलेल्या जंगलाचा, आकडाही असाच भुलवतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नोंदींनुसार शेती सोडलेल्या जागी २० वर्षांत झाडांच्या प्रजातींची संख्या मूळ जंगलाच्या ८० टक्क्यांवर येते, पण प्रजाती त्याच आहेत का असे विचारले तर साम्य ३४ टक्केच भरते. आणि तुकडा नुकताच तुटला असेल तर आज दिसणाऱ्या बऱ्याच प्रजाती पुढे जाणार असतात. म्हातारी झाडे उभी आहेत, रोपे नाहीत, असे दिसले की समजावे. प्रौढ झाडांसोबत रोपांचीही मोजणी करायची ती यासाठीच.

दुसऱ्या प्रश्नाकडे, स्थानिक खटपटीला अर्थ आहे का. जंगलाबाबत माझे उत्तर ठाम होकाराचे आहे, आणि वर दिलेले छत्राचे चार अंश हेच त्याचे कारण. प्रवाळांबाबत इतके ठाम बोलता येत नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर पाणी इतके तापले की स्वच्छ पाणी आणि मासेमारीबंदी असलेले भागही विरंजनापासून, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्यापासून, वाचले नाहीत. पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश वर आठवडेच्या आठवडे राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो; समुद्रावर छत्र धरता येत नाही. तिथे स्थानिक राखणीचा उपयोग नंतरच्या सावरण्याला होतो, आणि उष्णतेवर उपाय फक्त उत्सर्जन घटवण्याचा. २०२३ च्या दुष्काळात ॲमेझॉनमधल्या तेफे सरोवराचे पाणी ३९ अंशांच्या वर गेले आणि शंभराहून अधिक नदी-डॉल्फिन मेले, तेव्हाही काठचे जंगल त्यांच्या कामी आले नाही. ढगांवर जगणाऱ्या पर्वतमाथ्यांचेही असेच. ढगांचा तळ वर सरकला तर त्याला कोणतेही कुंपण थांबवू शकत नाही.

जंगलात मात्र करण्यासारखे खूप आहे, आणि क्रम महत्त्वाचा आहे. अजून न तुटलेले जंगल आधी राखा, कारण ते परत आणायला सर्वांत महाग. उष्ण कटिबंधातल्या दुय्यम जंगलात माती दहा वर्षांच्या आत सावरते, रचना आणि विविधता २५ ते ६० वर्षांत, पण झाडांचे एकूण वजन आणि मूळ प्रजातींची बांधणी यांना १२० वर्षांहून जास्त लागतात. त्यानंतर आग बाहेर ठेवणे: कोरड्या हंगामाआधी शेताच्या बाजूने आग अडवणारे जाळपट्टे, आणि मोठ्या एल निनोचा अंदाज आला की त्या वर्षी कडेजवळची जाळणी पूर्ण बंद. मग वापरात नसलेले रस्ते खणून बंद करणे. मग शिकार. झाडे लावणे यानंतर, आणि लावायची तर कडेला आणि खिंडारांत, जिथे त्यांच्या सावलीने आतली हवा निवते. ओढ्याकाठचे पट्टे जोडणीला फार उपयोगी, पण ३० मीटरचा पट्टा म्हणजे नुसती कडच; आतल्या जंगलातले पक्षी यायचे असतील तर दोन्ही काठांवर २०० मीटर धरा. डोंगर असेल तर पट्टा खालून वर जाणारा असू द्या, एकाच उंचीवर पसरलेला नको. आणि मूळचे गवताळ रान असेल तिथे झाडे लावूच नका. तिथल्या जीवांना ऊनच लागते, सावली त्यांना संपवते.

मनुष्यबळ आणि पैसा कमी असेल, तर पहिल्या वर्षी तीन कामे पुरेत: कडेपासून आत लॉगरची एक-दोन रेषा, शिकार आणि आगीच्या खुणांची पायी पाहणी, आणि दोन-तीन संवेदनशील गटांची नीट मोजणी. किनाबालू आणि पान्तियाकोया इथे दशकांनंतर तुलना करता आली ती आधीच्या लोकांनी उंची आणि पद्धत लिहून ठेवली होती म्हणून. तेव्हा नोंदवहीत प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, कडेपासूनचे अंतर, मोजणीची वेळ, किती मिनिटे थांबलो, कोण मोजत होते, शेवटचा पाऊस कधी पडला, आणि जे दिसले नाही तेही लिहा. प्रत्येक जागी न गंजणारा खुणेचा खांब जमिनीत पुरून ठेवा.